गंज रचणारी यंत्रं: घोड्याच्या दोरापासून बेलरपर्यंत, आणि आपल्याकडं कडबा अजून हातानंच का रचतात

ज्वारीची काढणी उरकली की जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पाथर्डी, पारनेर या भागात एकच बोलणं ऐकू येतं. कडबा बांधून पडलाय, पण गंज लावायला गडी मिळंना. नांगरटीला ट्रॅक्टर आला, पेरणीला पेरणी यंत्र आलं, मळणीला मशीन आली, गव्हाला हार्वेस्टर आला. मग गंज रचायचं यंत्र का नाही आलं, असा प्रश्न दरवर्षी निघतो. अशी यंत्रं निघाली होती. दीडशे वर्षांपूर्वीच निघाली होती, घोड्यांच्या जोडीवर चालत होती, आणि त्यातलं एक तर अमेरिकेत काही ठिकाणी अजूनही चालू आहे. ती आपल्याकडं का आली नाहीत आणि त्यांच्या जागी काय आलं, याची ही माहिती.

आधी गंज म्हणजे काय ते बघू, कारण यंत्र कळायचं तर हातकाम कळलं पाहिजे. गावागावात नावं वेगळी आहेत. कुठं गंज म्हणतात, कुठं वळई, कुठं सुडी. कणसासकट पेंढ्या उभ्या करून ठेवल्या तर ते बुचाड. कोकणात आणि ठाण्याकडं भाताच्या पेंढ्याची उडवी असते. आपल्या जिल्ह्यात रब्बी ज्वारीचा कडबा हा मुख्य चारा. ज्वारी उपटून काढायची, दोन-चार दिवस वाळवायची, आळ्यानं पेंढी बांधायची, कणसं खुडायची आणि मग कडबा गोठ्याजवळ आणून रचायचा. बाजरीचं सरमाड असलं तर ते वेगळं रचतात. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात भाताचा पेंढा आणि गवत.

रचणं हे कसबी माणसाचं काम. खाली दगड किंवा लाकडं टाकून बैठक करायची, म्हणजे वाळवी आणि ओल वर चढत नाही. पेंढ्यांचे बुडखे बाहेर, शेंडे आत. मधला भाग कायम कडेपेक्षा उंच ठेवायचा. हे चुकलं की पेंढीचा उतार आतल्या बाजूला होतो, पावसाचं पाणी गंजीच्या पोटात जातं आणि आषाढात कडबा उकलला की आत काळा, बुरशी आलेला निघतो. जनावर तोंड लावत नाही. वरचा माणूस रचतो, खालचा पेंढी फेकतो. गंज डोक्याच्या वर गेली की फेकणाऱ्याचे खांदे भरून येतात. मग मधे एक माणूस उभा करावा लागतो, तो झेलून वर देतो. म्हणजे जसजशी उंची वाढते तसतशी माणसं वाढतात. यंत्र बनवणाऱ्यांनी जगभर याच जागी डोकं लावलं: वर चढवायचं काम.

अमेरिकेतलं गवत आणि मोटेचा दोर

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये चारा म्हणजे सुटं वाळलेलं गवत. त्याला पेंढी नसते. काट्यानं उचलायचं, गाडीत भरायचं, पुन्हा काट्यानं उचलून ढिगावर टाकायचं. त्यातून तिकडं पाऊस कधीही येतो. गवत कापल्यावर ऊन पडेल तेवढ्या तीन-चार दिवसांत वाळवून ढीग घातला पाहिजे, नाहीतर गेलं. हिवाळ्यात बर्फ पडतो, जनावर चार-पाच महिने बांधून असतं, त्यामुळं चारा लागतो तोही डोंगराएवढा. काम मोठं, वेळ थोडा आणि माणसं कमी. तिथं यंत्र निघणारच होतं.

पहिली सुधारणा दोर आणि चाकाची. मोठा लोखंडी काटा गवतात रुतवायचा, त्याचा दोर वरच्या चाकावरून घेऊन खाली घोड्याला बांधायचा. घोडा पुढं चालला की काटा गवतासकट वर जातो. ज्यांनी मोट बघितली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. विहिरीवर बैल धावेवरून उतरायला लागले की नाडा चाकावरून ओढला जातो आणि मोट वर येते. तेच तत्त्व. फरक एवढाच की तिकडं पाण्याऐवजी गवत वर यायचं. १८६७ मध्ये आयोवा राज्यातल्या फेअरफिल्ड गावच्या विल्यम लाउडन यानं याला पुढची जोड दिली. वर चढलेलं गवत कोठाराच्या आढ्याखाली बसवलेल्या पट्टीवरून सरकत आत पाहिजे तिथं नेऊन सोडायचं, अशी चाकांची गाडी त्यानं बनवली आणि पेटंट घेतलं. पुढं अशा कोठारातल्या सामानाचा त्याचा मोठा कारखाना झाला.

आपल्याकडं शेकडो वर्षं मोट चालली, बैल होते, चाक होतं, दोर वळणारे होते. पण मोटेचं चाक कुणी कडब्याच्या गंजीवर नेलं नाही. हे अडाणीपण होतं असं समजायचं कारण नाही, त्याची कारणं पुढं येतील.

कोठारात न ठेवता उघड्या रानात ढीग घालायचा असला तर आधाराला खांब लागतो. युटा आणि आयडाहो या कोरड्या भागात शेतकऱ्यांनी जाड खांब उभा करून त्यावर आडवं लांब लाकूड टांगलं. या लाकडाच्या टोकाला चाक आणि दोर. घोडा दोर ओढणार, काटा गवत घेऊन वर जाणार, मग आडवं लाकूड फिरवायचं आणि ढिगावर गवत सोडायचं. विहिरीचा गाळ काढायला आपल्याकडं क्रेन, म्हणजे यारी, लावतात ना, तसाच सगळा प्रकार. बराचसा घरगुती, गावच्या सुताराकडून करून घेतलेला.

दुसरा प्रकार म्हणजे गवत फेकणारं यंत्र. यात दोन जोड्या लागायच्या. पहिल्या जोडीला पंधरा-वीस लांब लाकडी दाते असलेलं, जमिनीवरून घसरत जाणारं मोठं दाताळं. दोन घोडे दोन टोकांना. ते रानातून चालले की ओळीत पडलेलं गवत दात्यांवर गोळा होत यायचं. हे सगळं गवत आणून दुसऱ्या यंत्राच्या दात्यांवर सोडायचं. या दुसऱ्या यंत्राला दोन लांब भुजा. दुसरी घोड्यांची जोडी दोर ओढायला लागली की भुजा दात्यांसकट वर उठायच्या आणि सगळं गवत उलटं पलीकडं ढिगावर जाऊन पडायचं. आजचा पुढं लोडर लावलेला ट्रॅक्टर करतो तेच, फक्त तेल-पाण्याच्या दाबाऐवजी घोड्याच्या ताकदीवर. घोडे मागं सरकले की भुजा खाली. एका खेपेला आपल्या बैलगाडीतला निम्मा माल जाईल एवढं गवत वर जायचं.

काटा हातात घेतलेला माणूस खाली उरला नाही. पण ढिगावर उभं राहून गवत पसरणारा, कडा बसवणारा माणूस कुठल्याच यंत्रानं काढला नाही. तो शेवटपर्यंत राहिला, आणि त्याची मजुरीही जास्त असायची. गंज रचणारा कसबी माणूस तिकडंही कसबीच.

बीव्हरस्लाइड: अजून चालू असलेली घसरगुंडी

या सगळ्यात नावाजलेलं यंत्र माँटाना राज्यातलं. तिथं बिग होल नावाचं मोठं खोरं आहे. उंचावरचा थंड प्रदेश, गवत भरपूर, जनावरांचे मोठे कळप. तिथल्या हर्बर्ट आर्मिटेज आणि डेव्हिड स्टीफन्स या दोघांनी लाकडाची एक मोठी तिरपी चौकट तयार केली आणि १९१० मध्ये पेटंट घेतलं. बीव्हरहेड हे तिथल्या काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं नाव. त्यावरून पुढं लोक त्याला बीव्हरस्लाइड म्हणायला लागले.

रचना सोपी आहे. लहान मुलांची घसरगुंडी डोळ्यांपुढं आणा, पण तीस फुटांच्या आसपासची. दाताळ्यानं आणलेलं गवत घसरगुंडीच्या पायथ्याशी एका लाकडी पाळण्यावर सोडायचं. पाळण्याला तारेचा दोर, तो वरच्या चाकावरून पलीकडं, तिथं घोड्यांची जोडी. घोडे ओढतात, पाळणा घसरगुंडीवरून उलटा वर चढतो, माथ्यावर पोचला की गवत पलीकडं ढिगात पडतं. ढीग पंचवीस-तीस फूट उंच जातो, एका ढिगात २० टनांपर्यंत गवत मावतं. एवढा उंच आणि घट्ट ढीग असला की पाऊस-बर्फ फक्त वरचा थर खराब करतो, आतलं गवत दोन-दोन वर्षं टिकतं. ढीग पूर्ण झाला की चौकट ओढून पुढच्या जागी न्यायची.

पुढं घोड्यांच्या जागी जुन्या मोटारी, ट्रक, ट्रॅक्टर आले. लाकूड, तार आणि चाक एवढंच सामान असल्यानं मोडलं तरी घरी दुरुस्त होतं. माँटानातल्या काही शेतांवर ते आजही वापरतात आणि डीअर लॉज गावातल्या ग्रँट-कोर्स या सरकारी जतन केलेल्या शेतावर ते बघायला मिळतं.

इंग्लंडात वेगळा मार्ग धरला. तिथं मळणी यंत्राबरोबर चढती पट्टी असायची. तिरप्या पन्हाळीत साखळीला दाते बसवलेले, खाली गवत किंवा काड टाकायचं, दाते ते ओढत वर नेऊन टाकायचे. एक घोडा खाली गोल फिरायचा, उसाच्या चरकाला बैल फिरायचे तसा, आणि त्याच्या फिरण्यावर साखळी चालायची. पुढं इंजिन आलं. आज साखर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस जातो किंवा मार्केट यार्डात पोती पट्ट्यावरून ट्रकमध्ये चढतात, ते याच कुळातलं.

मग आपल्याकडं का नाही आलं?

याचं पहिलं उत्तर पेंढीत आहे. सुटं गवत हातात मावत नाही म्हणून त्यांना काटा लागला, काट्याला दोर लागला, दोराला घोडा लागला. आपला कडबा मुळातच बांधलेला असतो. पेंढी हातात मावते, फेकता येते, मोजता येते. कडब्याचा सगळा व्यवहारच शेकड्यावर चालतो. शंभर पेंढ्यांचा भाव ठरतो, उसनवारी पेंढ्यांवर होते, सालगड्याला आणि बलुत्यालाही पेंढ्याच दिल्या जायच्या. यंत्रानं सगळं एकत्र उचलून ढिगात टाकलं असतं तर मोजदाद गेली असती, आणि विकताना भांडणं झाली असती.

दुसरं म्हणजे घाई नव्हती. रब्बीचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. मधे एखादा वळीव, गारपीट सोडली तर मृगापर्यंत उघडीप. गंज आठवड्यानं लावली तरी चालत होतं. तिसरं, क्षेत्र. पाच एकर ज्वारी असलेल्या माणसाची गंज चार माणसं एक-दोन दिवसांत उरकतात. त्यासाठी तीस फुटी चौकट कोण बांधील? आणि सावड होती. आज तुझी, उद्या माझी. पैसा लागत नव्हता.

आता यातल्या दोन गोष्टी बदलल्या. सावड मोडली आणि अवकाळी वाढला. मार्चमध्ये गारा पडायचं आता नवल राहिलं नाही. त्यामुळं रानात पडलेला कडबा पटकन उचलून झाकणं गरजेचं झालं आणि नेमकी तेव्हाच माणसं मिळत नाहीत. म्हणून हा जुना प्रश्न पुन्हा वर आलाय.

दुष्काळ, रेल्वे आणि गठाण

चारा रचण्याचं यंत्र आलं नाही, पण चारा दाबायचं यंत्र मात्र फार लवकर आलं. ते आणलं दुष्काळानं. गावात गंज संपली की चारा लांबून आणावा लागतो, आणि सुटं गवत गाडीत घातलं की जागा भरते, वजन काहीच नाही. रेल्वेचा डबा भरून वारा वाहून नेल्यासारखं. म्हणून गवत पेटीत घालून, स्क्रू किंवा तरफेनं दाबून, तारेनं बांधून गठाण करायची.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि नगर जिल्हा मधोमध जोडला गेला. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत, १८७६ ते १८७८ या दुष्काळात, दख्खनची दैना झाली होती. पुढं १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे लागोपाठ दुष्काळ आले. माणसापेक्षा जनावरं जास्त गेली. मुंबई इलाख्यात जंगलातलं गवत कापून, दाबून, गठाणी रेल्वेनं दुष्काळी भागात पाठवायचा मार्ग सरकारनं तेव्हापासून धरला. ठाणे-पालघरकडं गवताच्या वखारी होत्या, तिथं गवत दाबून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. लष्कराचे घोडे आणि दुधाची जनावरं यांच्यासाठी इंग्रजांनी गवताचे आणि दुधाचे फार्म काढले, पहिला १८८९ मध्ये अलाहाबादला. हा लष्करी फार्मचा विभाग भारतीय लष्करानं अगदी आत्ता, २०२१ मध्ये बंद केला.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घराघरात आहेत. २०१३ आणि २०१९ च्या चारा छावण्या तर आत्ताच्या पोरांनीही बघितल्या. छावणीत ऊस आणि वाढं खाऊन जनावरं कशीबशी तगली. ज्याच्या गोठ्यामागं जुनी गंज उभी होती त्याला दावणीची जनावरं छावणीत न्यावी लागली नाहीत. गंज ही शेतकऱ्याची ठेव आहे ती अशी. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं दुसरी बाजू दाखवली: डोंगरावर चराईबंदी करून गवत विळ्यानं कापून न्यायचं. गवत वाढलं, दूध वाढलं. पण तिथंही कापणं आणि वाहणं हातानंच.

किर्लोस्करांची कडबाकुट्टी

मराठी मुलखात चाऱ्याचं यंत्र म्हटलं की पहिलं नाव कडबाकुट्टीचं, आणि त्याची सुरुवात बेळगावात झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९, मूळ गाव गुर्लहोसूर. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, डोळ्याला रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून ते सुटलं, यंत्रांच्या चित्रांकडं वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १८८८ मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं. नंतर शेतीची अवजारं करायची ठरवली. सगळ्यांना त्यांचा लोखंडी नांगर माहीत आहे, पण नांगराच्या आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं होतं. नांगर आला १९०३ मध्ये. तोही सुरुवातीला कुणी घेईना, लोखंडानं जमिनीला विष लागतं असा समज होता. १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली.

कडबाकुट्टीत मोठं जड चाक, चाकाच्या आऱ्यांना दोन वाकडी पाती. दोन दातेरी रूळ कडबा आत ओढतात, चाक फिरलं की पातं येऊन कापतं. चाक जड का, तर फिरायला लागल्यावर त्याचा जोरच पुढचा काप घेतो. दातेरी चक्र बदललं की तुकडा लहान-मोठा होतो. हातानं फिरवायला दोन माणसं लागायची, आता दोन-तीन अश्वशक्तीची मोटर लागते.

याचा आणि गंजीचा संबंध काय? संबंध आहे. अख्खी पेंढी टाकली की जनावर पाला खातं, जाड बुडखा पायाखाली तुडवतं. कुट्टी केली की बुडखाही पोटात जातो. म्हणजे तीच गंज जास्त दिवस पुरते. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला ढीग उंच करायचा होता, आपल्याला आहे तो ढीग पुरवायचा होता. गरज वेगळी म्हणून यंत्र वेगळं. म्हणून कडबाकुट्टी वस्तीवस्तीवर पोचली आणि घसरगुंडी आली नाही.

कुट्टीनं हातही खाल्लेत, हे सांगितलंच पाहिजे. रुळात अडकलेली पेंढी हातानं ढकलायला गेलं की बोटं जातात. तोंडाची पत्र्याची पन्हाळ लांब ठेवा, उलट फिरायची दांडी असलेलं यंत्र घ्या, मोटरचं बटण हाताच्या अंतरावर असू द्या. बांगड्या, पदर, मफलर घेऊन कुट्टीजवळ उभं राहू नका. लहान पोरांना तर नाहीच.

ढीग संपला, गठ्ठा आला

घोड्याची ती सगळी यंत्रं मागं पडली ती बेलरमुळं. यात तीन टप्पे महत्त्वाचे. पहिला गाठीचा. विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबी यानं १८७८ च्या सुमारास सुतळीची गाठ आपोआप मारणारी यंत्रणा तयार केली, ती पीक कापून पेंढ्या बांधायच्या यंत्रासाठी. आज आपल्याकडं भाड्यानं येणाऱ्या चौकोनी बेलरमध्ये ‘नॉटर’ म्हणतात तो याच घराण्यातला. गठ्ठे सुटायला लागले की चालक पहिल्यांदा तिथंच हात घालतो. दुसरा टप्पा गोल गठ्ठ्याचा. नेब्रास्काच्या उम्मो ल्यूबेन यानं १९१० मध्ये, म्हणजे बीव्हरस्लाइडच्याच वर्षी, गोल गुंडाळी करणाऱ्या बेलरचं पेटंट घेतलं. पण बाजारात ते चाललं १९४७ पासून, ॲलिस-चामर्स कंपनीनं काढलं तेव्हा. तिसरा, आयोवाच्या पेला गावातल्या गॅरी व्हर्मीर यानं १९७१ मध्ये जवळपास टनाचा मोठा गोल गठ्ठा बांधणारा बेलर आणला. एवढा गठ्ठा रानातच पडून राहिला तरी पावसाचं पाणी बरंचसं वरून ओघळून जातं. मग गंज रचायचीच गरज उरली नाही.

आपल्याकडं येतात ते छोटे. चौकोनी गठ्ठा साधारण दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच, लांबी कमी-जास्त करता येते. छोटा गोल गठ्ठा दोन फूट जाडीचा, तीन फूट लांब. दोन्ही वजनाला वीस-पंचवीस किलोच्या आसपास, म्हणजे एका माणसाला उचलता येतात. ट्रॅक्टर ३५ ते ५० अश्वशक्तीचा चालतो. हार्वेस्टरनं काढलेल्या गव्हाचं काड, सोयाबीनचा भुसा, उसाचं पाचट यांना बेलर चांगला. पूर्वी हे काड आणि पाचट काडी लावून पेटवून द्यायचे, आता त्याचे पैसे होतात. रानातून गोळा करायची मजुरी वाचते.

ज्वारीच्या कडब्याला मात्र बेलर तितकासा लागू पडत नाही. सहा-सात फुटी जाड ताटं, मुळाला माती, शिवाय पेंढी बांधलेली. यंत्र बारीक मालासाठी केलेलं आहे. कडब्याचे गठ्ठे करायचे तर आधी कुट्टी, मग दाबणं, असा दुहेरी खर्च येतो. तो लांब वाहतूक असली तरच परवडतो. गावातल्या गावात गोठ्यामागं ठेवायचं असेल तर पेंढी आणि गंज हेच अजून स्वस्त. दुधाच्या गोठ्यांवर मका कापून मुरघास घालायची पद्धत वाढली आहे, तिथं गंजीचा प्रश्नच येत नाही. पण मुरघासाला पाणी लागतं. जिरायत पट्ट्यात ज्वारीच.

ओला माल आणि आग

यंत्रानं दाबलेल्या चाऱ्यात एक धोका आहे जो सैल गंजीत कमी असतो. गवत पुरतं वाळलं नसताना दाबलं किंवा मोठ्या ढिगात घातलं तर आत उष्णता धरते. आधी ओलाव्यावर जीवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांची ऊब, मग ती ऊब बाहेर पडायला वाट नाही. आतलं तापमान ६५ अंशांवर गेलं की लक्ष ठेवायला पाहिजे, ८० अंशांकडं चाललं की ढीग आपोआप पेट घ्यायच्या मार्गावर आहे. तिकडचे शेतकरी लोखंडी पहार ढिगात खुपसून ठेवतात, थोड्या वेळानं काढून हात लावून बघतात. चटका बसला तर ढीग तापतोय. ही युक्ती आपल्यालाही फुकटात करता येते. ढीग धुमसत असेल तर उपसायच्या आधी अग्निशमनची गाडी किंवा पाण्याचा टँकर जवळ पाहिजे, कारण हवा लागली की भडका. आणि अशा ढिगावर चढायचं नाही, आत पोकळ झालेलं असतं, माणूस खाली जातो. छोट्या गठ्ठ्यांसाठी ओलावा २० टक्क्यांच्या आत, मोठ्या गोल गठ्ठ्यांसाठी १८ च्या आत, हा हिशोब जगभर धरतात.

आपल्याकडच्या कोरड्या कडब्याच्या गंजी मात्र आतून नाही, बाहेरून पेटतात. एप्रिल-मेमध्ये बातम्या येतात त्यात बहुतेक वेळा लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा, बांध पेटवताना उडालेली ठिणगी, टाकलेली विडी. एका गंजीत वर्षाचा चारा असतो, अर्ध्या तासात राख होते. पीक विमा शेतातल्या पिकाचा असतो, गोठ्यामागं रचलेल्या कडब्याला लागलेल्या आगीचे पैसे त्यातून मिळत नाहीत. तलाठ्याकडून पंचनामा करून ठेवावा, मदत निघाली तर कागद लागतो.

म्हणून गंज लावताना वरून तार जात नाही ना ते आधी बघायचं. घराला, गोठ्याला चिकटून लावायची नाही. सगळा कडबा एका मोठ्या गंजीत घालण्यापेक्षा दोन लहान गंजी, मधे पंधरा-वीस पावलं मोकळी, भोवतीचं वाळलं गवत काढून टाकलेलं. रचायला थोडे कष्ट जास्त पडतात, पण एक पेटली तर दुसरी वाचते.

यंत्र घ्यायचं असेल तर कुट्टी, बेलर यांसाठी कृषी यांत्रिकीकरण योजनेतून अनुदान असतं, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. आधी पूर्वसंमती, मग खरेदी. उलटं केलं तर अनुदान अडकतं. एकट्यानं बेलर घेणं बहुतेकांना परवडणारं नाही, गटानं किंवा अवजारे बँकेमार्फत घेतलेला बरा, कारण हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. भाड्यानं लावताना भाव गठ्ठ्यावर ठरतो, म्हणून गठ्ठा सैल बांधला तर गठ्ठे वाढतात आणि पैसे शेतकऱ्याचे जातात. पहिले पाच गठ्ठे वजनकाट्यावर टाकून बघावेत, वजन कमी भरलं तर तिथंच दाब वाढवून घ्यावा, आणि मग बाकीचं रान चालू करावं.